नीमाच्या डोळ्यांचा मायक्रोस्कोप

आधीच सांगून ठेवतो — भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की माझं डोकं फिरतं. आमचं घर बौद्ध, कर्जतचं. धर्मांतर झालं तेव्हा वडिलांनी देव्हाऱ्याबरोबर अंगारे-धुपारेही घराबाहेर काढले. त्यात मी लॅब टेक्निशियन... काचेखाली दिसेल तेच खरं मानणारा. तरी हे लिहितोय, कारण इतकी वर्षं झाली तरी राग जात नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कशेळ्याच्या बाजारामागे, मुरबाड रस्त्याला लागून, दोन खोल्यांचं आमचं मलेरियाचं केंद्र होतं. मुंबईची एक संस्था आणि परदेशातलं एक विद्यापीठ मिळून ते चालवायचे. कल्पना झकास होती — आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी इथे यायचं, वाड्यांवर फिरून रक्त तपासायला शिकायचं आणि परत जाऊन स्वतःची लॅब उभी करायची. जाताना प्रत्येकाला एक मायक्रोस्कोप मिळणार, असं ठरलेलं.

टांझानियाहून डॉक्टर नेएमा आली. आमची मदतनीस सखूबाई तिला पहिल्या दिवसापासून 'नीमा' म्हणायची, मग आम्हीही तेच म्हणू लागलो. उंच, तिखट आणि मोठ्याने हसणारी बाई. तिच्या भागात मलेरियाने पोरं जायची आणि रक्त तपासायची सोय जवळपास कुठेच नव्हती. "भाऊ, मला सर्टिफिकेट नको, यंत्र हवं," ती म्हणायची. 'भाऊ' हा शब्द तिने सखूबाईकडून उचललेला.

आमचा मायक्रोस्कोप दोन डोळ्यांनी बघायचा. जो बसेल तो आपल्या डोळ्यांपुरता लावून घेतो — दोन नळ्यांमधलं अंतर आणि डाव्या भिंगाची कडी. नीमाचे डोळे लांब-लांब, त्यात डावा अधू. ती कडी पार शेवटपर्यंत पिळायची. तिच्यानंतर मी बसलो की मला दोन वेगवेगळी धुरकट वर्तुळं! रोज भांडण. "अगं, उठताना जागेवर आणत जा की!"

"तूच डोळे बदलून घे," वर हे उत्तर.

तिचं शिक्षण संपत आलं आणि विद्यापीठाचा साहेब आला. म्हणाला, यंत्र देणं जमणार नाही. तिकडे सांभाळणार कोण? बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? तुम्ही रक्ताच्या काचा आमच्याकडे पाठवा, आम्ही तपासू.

"मग मी इथे शिकले कशाला?" नीमाने विचारलं.

साहेब फाईल बंद करून उठला. मुंबईचे आमचे वरिष्ठ चहात बिस्कीट बुडवत बसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली... पण टेक्निशियनला विचारतो कोण? नीमा रिकाम्या हाताने गेली.

त्यानंतर ते सुरू झालं. सकाळी यंत्र माझ्या डोळ्यांना लावायचं. जेवून येऊन बघावं तर नळ्या लांब आणि कडी शेवटपर्यंत पिळलेली. मला वाटलं, सखूबाई पुसताना फिरवते. तर ती माझ्यावरच उसळली. "मी कशाला हात लावू? नीमाचा जीव आडकलाय त्यात, भाऊ. द्या पाठवून. नायतर तुमाला बी सुखानं बघू द्यायची नाय."

"अहो, ती चांगली जिवंत आहे! जिवंत माणसाचं भूत होतं का?"

"भूत कोन म्हनलं? मी जीव म्हनलं."

यंत्र कपाटात ठेवून कुलूप लावलं, चावी माझ्या खिशात. काढलं, तर तेच! मुंबईहून मेकॅनिक बोलावला. त्याने सगळं उघडून पाहिलं आणि उगाच हेलपाटा घातलात म्हणून मलाच ऐकवलं. स्क्रू न् स्क्रू घट्ट होता.

मग तोच साहेब तपासणीला आला. भर दुपारी, आम्हा सगळ्यांसमोर यंत्रावर बसला. आपल्या डोळ्यांना लावलं, काच बदलायला मान वर केली, पुन्हा वाकला तर धूसर. परत लावलं. परत तेच. कडी फिरताना कोणालाच दिसली नाही... फिरलेली मात्र दरवेळी. शेवटी वैतागून म्हणाला, हे यंत्र बाद करा.

आमचे वरिष्ठ लगेच पुढे सरसावले. "कंडमच आहे ना, मग त्या नेएमाला देऊन टाकू. तेवढंच संस्थेचं नाव होईल."

मी ते भाताच्या पेंढ्यात नीट बांधून खोक्यात घातलं. सखूबाईने खोक्याला हळद-कुंकू लावलं, आणि मीसुद्धा तिला अडवलं नाही.

पुढच्या तुकडीत नीमाच्याच गावाकडचा एक डॉक्टर आला. मी आधी यंत्राचं विचारलं. "उत्तम चालतं," तो म्हणाला. "लांबलांबून लोक तिच्याकडे रक्त तपासायला येतात. मीही त्यावर बसलोय. आपल्याला हवं तसं लावायचं, तसंच राहतं."

तसंच राहतं! मग इथे कडी कोण फिरवत होतं? सखूबाईचं म्हणणं मला पटत नाही आणि माझं मला सापडत नाही. आजही नाही.

तो डॉक्टर मात्र वेगळ्याच विचारात होता. "जाताना मलाही एक मिळेल ना?" त्याने विचारलं.

मी टेबलावरच्या आमच्या नव्या मायक्रोस्कोपकडे बघितलं. च्यायला, तो अगदी नीट चालत होता.