सृष्टी नाव सांगत नाही

आमच्या सृष्टीला कुणी गरीब गाय म्हटलं की मला हसू येतं. बोलते कमी, हे खरं. पण एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी तिच्याकडून हो वदवून घेऊ शकत नाही. मी तिची थोरली जाऊ. एकाच स्वयंपाकघरात आम्ही दोघी रांधतो, मला विचारा.

पुण्यात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळणारी ही पोरगी लग्न करून इकडे, राहुरीजवळच्या आमच्या गावात आली. काम घरूनच चालू ठेवलं. ते बघून पाणीवापर संस्थेच्या चेअरमननी, हनुमंतनानांनी, संस्थेची वेबसाइट तिच्या गळ्यात घातली. कालव्याचं पाणी वावरांकडं नेणाऱ्या कुठल्या चारीला कधी सुटणार त्याचं एक पान, पाणीपट्टीचं दुसरं, तक्रारीचं तिसरं. तिन्ही तिनं वेगवेगळ्या कंटेनरमध्ये, सर्व्हरवरच्या वेगळ्या कप्प्यांत, ठेवली, म्हणजे एक बिघडलं तरी बाकीची चालू राहतात. आणि सगळ्यांच्या पुढं एक प्रॉक्सी बसवला. बाहेरून येणारा आधी त्याच्याकडं येतो. तो बघतो ह्याला काय पाहिजे, आणि त्या कंटेनरकडं धाडतो.

"म्हणजे दवाखान्यातला कंपाउंडर," मी म्हटलं.

"तसंच समजा, ताई."

पहिल्याच दिवशी घोळ झाला. कुठलीशी ओळ चुकली आणि तक्रारीवर बोट ठेवलं की पाणीपट्टीचं पान उघडायला लागलं. आता कुणीतरी फोन करून सांगावं की नाही? छे! लोक मुकाट्यानं मोबाईल खिशात घालून बसले. त्यांना वाटलं, तक्रार करायला गेलं की वसुली, असा चेअरमनचा नवा नियम निघाला. चारीच्या अगदी शेवटाला राहणारी साळूबाई तर माझा हात धरून म्हणाली, "म्या काय बी लिवलं न्हाई गं बाई. चुकून बोट लागलं. हनुमंताला सांगू नगा."

मी पोट धरून हसले. सृष्टी हसली नाही. मागं गावातल्या गोरक्षनं भर सभेत पाण्याबद्दल तोंड उघडलं होतं, तर त्याच्या वावरात पाणी सोडणाऱ्या चारीच्या गेटला कुलूप लागलं आणि कांदा उभा जळून गेला. ती भीती होती ही, आणि सृष्टीला तिचाच संताप आला.

तिनं चुकलेली ओळ दुरुस्त केली, आणि त्याच बैठकीत आणखी दोन ओळी काढून टाकल्या. आलेला माणूस इंटरनेटवरच्या कुठल्या पत्त्यावरून आला ते प्रॉक्सीला कळतं. तो ते लिहून ठेवतो, आणि आत कंटेनरलाही सांगतो. तिनं त्याचं लिहिणंही बंद केलं, सांगणंही बंद केलं. "तक्रार आत जाईल," म्हणाली, "माणूस बाहेरच राहील."

हे गावात कळलं आणि लोक लिहायला लागले. शेवटाला थेंब येत नाही. पाणी मधल्यामध्ये चेअरमनच्या उसात जातं. सगळं खरं, आणि सगळ्यांना वाचता येईल असं.

नाना घरी आले. माझ्या हातचा चहा प्याले आणि म्हणाले, "पोरी, कोन बोललं?"

बघा! पाणी कुठं गेलं ते राहिलं बाजूला. आपल्याकडं हीच तर रीत. काय बोलला ते मरू दे, कोण बोलला ते सांगा. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

"मला माहीत नाही, नाना."

"आमचा भाचा म्हनतो, त्यात समदं कळतं."

"कळतं. मी कळू देत नाही."

"दोन वळी तर घालायच्यात. घाल. न्हाईतर काम काढून घेतो."

"घ्या," ती म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.

काम भाच्याकडं गेलं. त्यानं त्या ओळी घातल्या, गावाला ते कळलं आणि तक्रारींचं पान ओस पडलं. नाना सभेत छाती काढून म्हणाले, आता गावात एकही तक्रार राहिली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सृष्टीनं स्वतःचा सर्व्हर भाड्यानं घेतला. स्वतःचं तक्रारींचं पान काढलं, पुढं स्वतःचा प्रॉक्सी बसवला, आणि पानाच्या डोक्यावर लिहिलं: "हे पान सृष्टी ओंकार तांबे हिचं आहे. इथं कोण येऊन गेलं ते मी लिहून ठेवत नाही. राग आला तर माझं घर शाळेमागं आहे."

पाण्याच्या पुढच्या पाळीला आमच्याच गेटला कुलूप.

दारात दोन जर्शी गाई आणि वावरातला त्यांचा लसूणघास पिवळा पडायला लागलेला. मी तिला नाही नाही ते बोलले. "लोकांची नावं झाकलीस आणि आपलं वाळवलंस! आता गाईंना काय तुझा प्रॉक्सी घालू?"

ती रडत होती, पण म्हणाली, "वाळू दे, ताई. नाव नाही देणार."

मग त्या पानावर एक ओळ आली. "सृष्टीच्या गेटला कुलूप का?" पाठोपाठ दुसरी. "कुलूप काढा." मग येतच राहिल्या. नाना गावभर विचारत फिरले, कोण बोललं, कोण बोललं. धरायला माणूसच सापडेना. सगळ्या गावाला कुलूप घालणार होते का? आणि तोवर पाटबंधारेचे साहेबही ते पान वाचायला लागले होते. शेवटी नाना स्वतः किल्ली घेऊन चारीवर आले आणि आमचं गेट उघडून गेले.

घासात पाणी शिरताना मी सृष्टीला म्हटलं, "बघ की गं, कोणी कोणी लिहिलं. निदान साळूबाईनं लिहिलं का, एवढं तरी."

"मलाही लई बघावंसं वाटतंय," ती म्हणाली. "पण ठेवलंच नाही ना मी कुठं."

तेव्हापासून गावात समोर येईल त्याला मी चहाला बोलावते. काय सांगावं, त्यानंच लिहिलं असेल. चेअरमन सोडून.