पिवळा दिवा आणि गेटजवळचा खड्डा

त्या दिवशी धुळ्यात सकाळपासून बारीक पाऊस होता. जोर नाही आणि थांबायचं नावही नाही. गॅरेजच्या पत्र्यावरून एकाच जागी थेंब पडत होता आणि मी त्याच्याकडे बघत फोनची वाट पाहत होतो.

गॅरेजमध्ये माणूस चाळीस वर्षं बसला की किस्से भंगारासारखे साचतात. फेकवत नाहीत आणि कुणी मागत नाही. मी शाळेत गेलेलो नाही. अक्षरं शिकलो ती ट्रकच्या मागच्या फळ्या वाचून. तेव्हा जसं आठवेल तसं लिहितो. हे सगळे किस्से एकाच गाडीचे आहेत.

गाडी देवपूरच्या नानांची. नानांची जिनिंग मिल. त्यांच्या मुंबईच्या मुलाने आईसाठी परदेशी गाडी पाठवली होती. आई म्हणजे नानांची बायको, अक्का. अक्काला हृदयाच्या ऑपरेशनसाठी सोमवारी औरंगाबादला न्यायचं ठरलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, रस्त्यात दणका बसू देऊ नका. आणि दणका न देणारी गाडी आमच्याकडे ती एकच!

आठवड्यापूर्वी माझ्याकडून ऑइल बदलून नेलेली गाडी घेऊन नाना आले आणि म्हणाले, "आबा, ही गाडी मला लाथ मारते!"

मी म्हटलं, "नाना, गाडी आहे की म्हैस?"

"बसून बघा ना तुम्ही!"

बसलो. वेगात ब्रेक चांगला. भज्यांच्या गाडीजवळ हळू थांबवायला गेलो, तर पायाखाली पेडल खटखटायला लागलं आणि समोर पिवळा दिवा पेटला. मी दाबतोय आणि गाडी आपली पुढे! कढईपासून हातभर अंतरावर थांबली.

भजीवाला झारा हातात धरून म्हणाला, "आबा, भजी पाहिजेत तर उतरून मागा ना. गाडी तळायची का?"

*

सुपडू आमचा इलेक्ट्रिशियन. हात चलाख, धीर कमी. मी जेवून आलो तर म्हणाला, "आबा, काम झालं. दिवा गेला!"

मी चाक फिरवलं, वायर बघितली. कुठे हात लागलेला दिसेना. "केलंस काय?"

"बल्ब काढला!"

बल्ब त्याच्या खिशातून काढून त्याच्याच हातात दिला. "औरंगाबादच्या वाटेवर घाटात नानांना ब्रेक लागला नाही तर हा बल्ब अक्काला दाखवशील का?"

सुपडूने खाली मान घालून बल्ब परत बसवला.

*

हा ब्रेक शहाणा असतो. प्रत्येक चाकाच्या आत दातेरी कडं, आणि त्याच्यासमोर बोटाएवढा चुंबकाचा सेन्सर. तो दात मोजून गाडीला सांगतो की चाक किती जोरात फिरतंय. मोजणी चुकली की गाडीला वाटतं चाक घसरलं, आणि ती आपणहून ब्रेक सोडते. आता सोडायची वेळ कुठली, हे तिला कोण सांगणार?

मीटरवर चारही सेन्सर चांगले दिसले. सुपडू म्हणाला, "मग गाडीलाच वेड लागलंय."

मी म्हटलं, "थांब." जॅक लावून एकेक चाक हाताने फिरवलं आणि मीटरचा काटा बघत बसलो. तीन चाकांना काटा सारखा हलला. पुढच्या उजव्याला नुसता थरथरला.

तो सेन्सर बाहेर काढला तर त्याला दाढी! लोखंडाचा काळा चुरा, चांगला बोटभर.

सुपडू म्हणाला, "आबा, याला न्हाव्याकडे न्यायचं होतं, आपल्याकडे कशाला आणला?"

पुसला, बसवला, दिवा गेला. संध्याकाळी अक्काने घरचे लाडू पाठवले.

*

लाडू संपायच्या आत गाडी परत. तोच दिवा, तीच दाढी!

पुसून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चुरा बेअरिंगचा असेल म्हणून मी बेअरिंग उघडलं, तर ते चकचकीत. मुलाने मुंबईहून नवा सेन्सर पाठवला, तो बसवला. गाडी गेटबाहेर पडली आणि देवपूरच्या पुलापर्यंत जाऊन परत आली.

नाना चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "आबा, सोमवारी घाट उतरायचा नाही, चढायचा आहे. पण परत येताना हिला घेऊन उतरायचंच आहे ना?"

मला दोन दिवस घास गोड लागला नाही.

*

रविवारी गाडी धुऊनपुसून तयार केली आणि दुपारी गेटशी बसून राहिलो. म्हटलं, जाताना येताना बघू. सुपडूने गाडी बाहेर काढली. उजवं चाक गेटजवळच्या खड्ड्यावरून गेलं आणि मागे काळा चिखल उडाला. चिखल चमकला!

शेजारी हिलालभाऊचा लेथ आहे. ट्रकचे ब्रेक ड्रम घासतो. पावसात माझ्या गेटशी खड्डा पडला तेव्हा त्यानेच ड्रमचा बिडाचा, म्हणजे लोखंडाचाच, चुरा आणून भरला होता. पाठीवर थाप मारून मीच म्हटलं होतं, "वा हिलाल, सिमेंट झालं बघ!" म्हणजे गाडी आजारी पडत होती ती माझ्याच दारात!

हिलालला सांगायला गेलो. तो मशीनवर वाकलेला, हात काळे. इतक्या प्रेमाने केलेल्या कामाला दोष कसा द्यायचा? नुसता चहा पिऊन आलो. मग एकट्यानेच खड्डा पाटीने उपसला. मुरूम आणायला वेळ नव्हता, म्हणून वर पोतं टाकलं. सेन्सर पुन्हा पुसला. चारदा तपासला.

सोमवारी सकाळी सहाला नाना अक्काला घेऊन गाडी न्यायला आले. मी शेवटचं एकदा चाक फिरवलं, काटा छान हलला. अक्का आत बसली आणि काच खाली करून म्हणाली, "आबा, तुम्हीच का माझ्यापेक्षा जास्त घाबरलात?"

गाडी निघाली. उजवं चाक पोत्यावरून गेलं, आणि जरासुद्धा गचका बसला नाही. मला नवल वाटलं. पण अक्का हात हलवत होती, मीही हलवला.

मग तो पाऊस, आणि तो थेंब. फोन फक्त हिलालकडे. दहा वाजले. बारा वाजले. सुपडू दोनदा म्हणाला, "पोचतील ना आबा."

साडेबाराला हिलालभाऊ हात पुसत धावत आला.

"आबा, नानाना फोन उना! अक्का दवाखानामा पोचनी, बठ्ठं नीट शे. आते चहा पी! आनि तू काल खड्डा खाली करी टाका व्हता ना, मी सकायलेच पोतं उचलीसन परत चुरा भरी टाका, वर पोतं जसं व्हतं तसं. दोन पाट्या! म्हनं, अक्काले गचका नको बसाले!"