काळी खपली आणि बांधावरचं गवत

“ताई, हा डाग कधीपासून आहे?” नाशिकच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर मॅडमनी विचारलं. कमरेवर, परकराच्या नाडीखाली, बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली होती. दुखत नव्हती, खाजतही नव्हती. मला वाटलं, नाडी घासली असेल.

तापाचा तो आठवा दिवस. डेंग्यू नाही, मलेरिया नाही. मॅडम म्हणाल्या, “स्क्रब टायफस वाटतोय. उंदरांच्या अंगावर आणि गवतात डोळ्यांना न दिसणारा किडा असतो. तो चावला की होतो. उशीर केला तर जिवावर बेततं, पण औषध साधं आहे.” रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता त्यांनी डॉक्सिसायक्लिनच्या कॅप्सूल सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि मी स्वतःहून वरणभात मागितला.

वणीजवळ आमचा झेंडूचा मळा आहे. गावात हा आजार कुणी ऐकलेला नव्हता. मी घरी आल्यावर आरोग्य खात्याची माणसं आली. मी कुठे बसले, कुठलं गवत कापलं, सगळं विचारलं. किडे तपासायला त्यांना बांधावर उंदरांचे पिंजरे लावायचे होते.

माझे दीर अडून बसले. आजार फुलांतून येतो अशी बोंब झाली तर बाजारात माल कोण घेणार, हे त्यांचं म्हणणं. तेवढ्यात त्यांच्या बायकोचं, माझ्या जाऊबाई मंगलचं, कण्हणं कानावर आलं. दोन दिवस ताप अंगावर काढत होती. मी तिला आत नेऊन पाहिलं. गुडघ्यामागे तशीच खपली.

बाहेर येऊन मी दिरांना म्हणाले, “भावजी, मंगलला तोच आजार हाय. आधी गाडी काढा.”

संध्याकाळच्या आत तिचं औषध सुरू झालं. ॲडमिटसुद्धा व्हावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी उंदरांची बिळं दाखवायला दीरच पुढे. काही दिवसांनी आरोग्य खात्याच्या साहेबांचा फोन आला: किडे सापडले, ते उंदरांवर आणि बांधावरच्या गवतात आहेत, फुलांत काही नाही. मग सगळ्यांनी बांध साफ केले. आता आम्ही गवतावर बसत नाही, पाय झाकून जातो, आल्यावर अंघोळ करून कपडे धुतो.

तुम्हीही ताप आला तर लाजू नका. काख, कंबर, मांड्या नीट बघा आणि डॉक्टरांना शेतातल्या कामाचं आवर्जून सांगा. त्या मॅडमनी नीट पाहिलं, म्हणून आम्ही दोघी हिंडतोय.

दसऱ्याला बाजारात आमच्या शेजारी फुलं विकणारे कळवणचे एक काका सुनेच्या तापाचं सांगत होते. दिरांनी हातातला तराजू खाली ठेवला.

“किती दिवस झाले?” त्यांनी विचारलं. “काका, घरी फोन लावा. अंगावर कुठं काळी खपली हाय का, बघायला सांगा.”