केतकीच्या सासरच्या बायका

आपल्या पूर्वजांचा शोध घेणारी माणसं पायलीची पन्नास मिळतील. पण ज्या घराण्याचं नाव निघालं की ताटावरून उठायचं, त्याच घराण्याच्या पणज्या-खापरपणज्या हुडकायला रोज सकाळी इंग्लंडला फोन लावून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो इथे अमेरिकेत, नोव्हायमध्ये, आमच्या मागच्याच गल्लीत राहतो. सगळे त्यांना ब्रेकवाले काका म्हणतात. मोटारींच्या ब्रेकवर त्यांनी उभा जन्म काढला. डेट्रॉइटच्या आसपासच्या निम्म्या गाड्या आपल्यामुळे थांबतात असं त्यांचं म्हणणं असतं. स्वतः गाडी चालवताना ते पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवतात की मधून एखादी वरात जावी. तोंडाला मात्र त्यांनी कधी ब्रेक बसवून घेतला नाही, आणि ते त्यांना फार महागात पडलं.

काकांचं जुनं वेड म्हणजे माणसाला मुळासकट उपटून बघणं. पुण्याहून किंवा नागपूरहून नोकरीसाठी आलेला एखादा मुलगा मंडळाच्या गणपतीला पहिल्यांदा आला, की बिचारा प्रसादाचा द्रोण घेऊन उभा असतानाच काका त्याला गाठणार. कुठले? मूळ कुठले? त्याच्या आधी कुठले? आजोळ? आमचा वाकडला फ्लॅट आहे, असं तो सांगू लागला की हातानंच ते उत्तर बाजूला सारणार. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा मला ‘बस’ म्हणायच्या आधी त्यांनी माझ्या आईच्या मामांचं नाव काढलं, आणि तार ऑफिसात ते साहेबाशी का भांडले होते तेही ऐकवलं. मला स्वतःला त्या मामांचा पत्ता नव्हता. ‘माणूस कळायला त्याची आजी कळावी लागते,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही सगळे हसायचो. एवढं खणून झाल्यावर निघताना ते माझ्या गाडीच्या टायरमधली हवाही तपासून द्यायचे.

केतकी त्यांची एकुलती एक मुलगी. काकू ती शाळेत असतानाच गेल्या आणि काकांनी तिला एकट्यानं वाढवलं. वेणी घालणं ते म्हणे कागदावर आकृती काढून शिकले. कोणती बट कुठल्या बाजूनं जाते ते बाण दाखवून. अशा बापापुढे तिनं एके दिवशी एक उंच, लाजरा अमेरिकन मुलगा आणून उभा केला. काकांनी त्याला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं आणि आपली प्रश्नावली सुरू केली. मुलगा सरळ होता. आजोबा-आजी इंग्लंडात लँकशायरमधल्या कुठल्याशा लहान गिरणगावातून आले एवढंच त्याला ठाऊक होतं. त्याच्या मागचं कधी कोणी विचारलं नव्हतं, असं तो म्हणाला. काका मूळचे सोलापूरचे, वकिलाच्या घरातले. गिरणीचा भोंगा त्यांनी लहानपणी ऐकला, पण गिरणीतल्या माणसाला त्यांच्या घरी ओसरीच्या आत घेत नसत. त्यांनी त्या मुलासमोरच केतकीला मराठीत सांगितलं, ‘गिरणीतली माणसं. ना कूळ ना मूळ. तिथे मी मुलगी देत नाही.’ केतकीनं ते त्याच खोलीत, शब्दाला शब्द इंग्रजी करून त्याला सांगितलं आणि दोघं निघून गेली.

लग्नाला आम्ही गेलो. काका त्या दिवशी गॅरेज आवरत बसले. पुढे कित्येक वर्षं केतकीचं नाव काढायची सोय नव्हती, आणि तिचीही मान बापासारखीच ताठ होती. मला सर्वांत राग येतो तो मंडळातल्या आमच्याच लोकांचा. काका तत्त्वाला पक्के आहेत, असं त्यांच्या पाठीवर हात ठेवून सांगणारे यातलेच होते. त्यांच्या स्वतःच्या मुलांनी कोणाकोणाशी लग्नं केली त्याचे अल्बम त्यांच्या दिवाणखान्यात उघडे पडलेले असतात. गेल्या वर्षी केतकी आजारी पडली तेव्हा जावयानं फोन केला म्हणून काकांना कळलं. ते पोचले तेव्हा तिच्या गळ्यात नळी घातलेली होती. दोन दिवसांनी ती गेली. तत्त्ववाले सगळे भाजी-पोळीचे डबे घेऊन रांगेनं आले आणि काकांनी ते सगळे डबे धुऊन, पुसून, ज्याचे त्याला परत केले. आतलं अन्न खाल्लं की टाकलं, देव जाणे.

आता आमच्या गुरुजींबद्दल सांगायला हवं. ते आठवडाभर सॉफ्टवेअर तपासतात आणि शनिवार-रविवार सोवळं नेसतात. वर्षश्राद्धाला सपिंडीकरण करायचं ठरलं, म्हणजे गेलेल्या माणसाला त्याच्या आधी गेलेल्यांच्या पंगतीत नेऊन बसवायचं. लग्न झालेल्या बाईला तिच्या सासरच्या तीन पिढ्यांतल्या बायकांजवळ बसवतात. गुरुजींनी सोपा मार्ग सुचवला. गोत्र माहीत नाही तर काश्यप म्हणू, नावं माहीत नाहीत तर नावांवाचूनही शास्त्रात सोय आहे. आमच्यापैकी कोणी म्हणालं, त्यापेक्षा काकूंजवळच बसवा ना तिला, तिची आईच ती. काका ताडकन म्हणाले, ‘नाही. लग्न झालेली मुलगी आहे ती. माहेरच्या पंगतीत कशी बसेल?’ जे लग्न त्यांनी लग्न म्हणून कधी मानलं नाही, ते त्यांनी हे असं, नियमाच्या आडून मानलं. ते ऐकायला केतकी नव्हती. नंतर गुरुजींना ते हळूच म्हणाले, ‘गोत्र काश्यप चालेल. पण बायका कोण ते मला कळायला पाहिजे. मी तिला अनोळखी घरात पाठवणार नाही.’

झालं, काका शोधाला लागले. जावयाची आई ओहायोत हयात, म्हणून तिला वगळून तिच्या सासूपासून वर तीन बायका हव्या होत्या. या विहिणीला काकांनी जन्मात पहिला फोन केला तो ‘तुमच्या सासूबाईंच्या सासूबाईंच्या सासूबाई कोण?’ हे विचारायला. ती बाई आधी घाबरली, मग रडली, आणि मग माळ्यावर चढून जुने फोटो काढत बसली. त्या गिरणगावात गावाचा इतिहास जपणारी एक म्हातारी बाई काकांनी इंटरनेटवरून शोधून काढली. त्यांचा नाश्ता आणि तिचं जेवण एका वेळेला येई; रोज त्या वेळी फोन. ती बोलताना त्यांना ‘लव्ह’ म्हणायची, तिकडे सगळ्यांनाच म्हणतात तसं. ‘परक्या पुरुषाला लव्ह म्हणते गं, काय बाई आहे,’ असं ते मला फणकाऱ्यानं सांगत, आणि एखाद्या दिवशी तिचा फोन लागला नाही तर घरात येरझाऱ्या घालत. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक सकाळी गुलाबाची फुलं टाकतात, काका शेवाळलेल्या थडग्यांचे फोटो टाकू लागले. एकदा ऐन हळदीकुंकवात येऊन त्यांनी बायकांना सांगितलं की हॅनाचा नवरा पिणारा होता, पण हॅना मोठी खमकी, पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर जाऊन उभी राहायची. कोण हॅना ते कोणाला माहीत नव्हतं. ‘काका, राणीपर्यंत पोचलात का?’ असं एकानं विचारलं आणि सगळी खोली हसली. काका गंभीरपणे म्हणाले, ‘नाही हो, साध्या विणकर बायका आहेत. चांगल्या आहेत.’

वर्षश्राद्धाच्या आधी तिन्ही नावं मिळाली. ॲलिस, हॅना, एलन. तिघींनी मागावर काम केलेलं. जावई धोतर सावरत पाटावर बसला, बोटात दर्भाचं पवित्रक, डोळे लाल. गुरुजींनी ‘काश्यपगोत्रा ॲलिस’ म्हटलं तेव्हा मला एरवी हसू फुटलं असतं. केतकीच्या पिंडाचे तीन भाग करून ते त्या तिघींच्या पिंडांत मिसळले. काका भिंतीला टेकून उभे होते आणि मुलगी सासरी निघताना बाप बघतो तसे बघत होते.

जेवणं झाल्यावर ते माझ्यामागे स्वयंपाकघरात आले. मी भांडी घासत होते. ते म्हणाले, ‘तुला एक सांगू? त्या गिरणीत मागांचा आवाज इतका असायचा की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून त्या बायका नुसत्या ओठांनी बोलायच्या. आवाजच नाही. समोरचीला ओठ बघून सगळं समजायचं. फोनवरच्या त्या बाईची आईसुद्धा असंच बोलायची.’ मी नळ बंद केला. ‘केतकीच्या गळ्यात नळी होती ना. आवाज नव्हता. तिनं मला काहीतरी सांगितलं गं, ओठांनी. मला कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. मी मान हलवली, समजल्यासारखी.’ त्यांनी धुतलेली एक वाटी उचलून उगाच पुसली. ‘आता ती बोलली तर त्यांना समजेल.’

 केतकी काय म्हणाली असेल ते मी नंतर पुष्कळदा मनात आणून पाहिलं आहे. ‘बाबा’ म्हणाली असेल, किंवा ‘आता कशाला आलात’ असंही म्हणाली असेल. तिच्या स्वभावाला दोन्ही धरून आहे.

हल्ली काका मंडळात कोणाला मूळ कुठले म्हणून विचारत नाहीत. नवा मुलगा आपणहून वाकडच्या फ्लॅटबद्दल सांगतो आणि काका त्याच्या तोंडाकडे एकटक बघत राहतात. लोकांना वाटतं काकांना आता ऐकू कमी येतं, म्हणून ते त्यांच्याशी मोठ्यानं बोलतात.