मेनूबाई आणि बँडमास्तर

ऑफिसात तिला सगळे मेनूबाई म्हणत. नाव चेष्टेनं पडलं, पण तिला ते मनापासून आवडायचं. बँडसाठी स्वरलिपी लिहायचं सॉफ्टवेअर तिची कंपनी बनवायची, आणि विंडोज असो की मॅक, ते दोन्हीकडे सुखानं नांदावं ही जबाबदारी तिची. विंडोजवर मेनू प्रोग्रामच्या चौकटीतच असतो. मॅकवर तो चौकट सोडून पार पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन बसतो. सेटिंग्जसुद्धा इकडे एका मेनूत, तर तिकडे भलत्याच.

“सगळीकडे एकच ठेवा की!” साहेब वैतागायचे.

“देश तसा वेश, साहेब. सासरच्या स्वयंपाकघरात माहेरच्या सवयीनं डबा उघडला, तर चहात मीठ पडतं.”

अशातच बँडमास्तरांचा फोन आला. जन्म बँडमध्ये गेलेला माणूस. सगळ्या वाद्यांचं संगीत याच सॉफ्टवेअरवर लिहायचे. विंडोजची सवय, आणि आता लेकीनं नवाकोरा मॅक दिलेला.

“बाई, तुमचा मेनूच गेला!”

“गेला नाही मास्तर, वर गेलाय. पडद्याच्या अगदी वरच्या कडेला बघा.”

“बघितलं. वर काही नाही.”

पुन्हा फोन, पुन्हा तेच. शेवटी मास्तरांचा आवाजच उतरला. “जाऊ द्या बाई. माझंच डोकं चालेनासं झालंय. रविवारी बँड सोडतो म्हणून सांगून टाकतो सगळ्यांना.”

“वय झालं त्यांचं,” साहेब म्हणाले. मेनूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेनू वर धाडला होता तो तिनंच, आणि त्यापायी एक माणूस बँड सोडायला निघाला होता. तिनं सगळं पुन्हा तपासलं. चूक सापडेना. मग पिशवी खांद्याला अडकवून तिनं सरळ मास्तरांचं घर गाठलं.

खोलीत खाटेखाली ट्रम्पेटच्या पेट्या, टेबलावर नवा मॅक, आणि मॅकवर निळं सुती आच्छादन. मास्तरीणबाईंनी खास शिवलेलं. कामाला बसताना मास्तर ते मागे टाकायचे, पण त्याची झालर पडद्यावर बोटभर उतरलेलीच राहायची. नेमकी वरच्या कडेला.

मास्तरीणबाई चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. बोलावं तर त्यांचा चेहरा पडणार, गप्प बसावं तर मास्तरांचा बँड जाणार. मेनूबाईनं मन घट्ट केलं आणि बोटानं झालर उचलली.

मेनू जागच्या जागी होता.

मास्तर बघतच राहिले. मग इतके हसले, की चष्मा नाकावरून घसरला. “काखेत कळसा अन् गावाला वळसा!”

मास्तरीणबाई मात्र हसल्या नाहीत. “अहो, ती झालर मीच ओढून ओढून नीट करत होते. दिवसातून किती वेळा!”

“अगं पण कशाला? नव्या मशिनवर एवढी धूळ कुठली?”

“धूळ कसली! तुम्ही तासन्‌तास त्या पडद्याकडे बघत बसायचात, अन् तोंडातून शब्द नाही. मला राहवायचं नाही, म्हणून यायचे. काय विचारावं सुचायचं नाही, मग झालर ओढायचे अन् परत जायचे.”

मास्तरांचं हसू थांबलं. डोळे भरून आले, ते त्यांनी लपवले नाहीत. त्यांनी शेजारची खुर्ची जवळ ओढली.

“बस इथं,” ते म्हणाले. “रविवारी बँडला काय सांगणार होतो, ते तुला सांगतो. आता कुणाला सांगायची गरज उरली नाही, तरी तुला सांगतो.”