वरच्या वावराचा धुरा

कापसाला सोन्याचा भाव आला आणि बार्शीटाकळीकडची माणसं पिसाळली. लढाई म्हणे साता समुद्रापलीकडं जुंपली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता; डोकं मात्र आमच्या वरच्या वावराच्या मालकाचं फिरलं. मी त्याला काका म्हणायची. कसला काका! मेला कसाई होता.

आमचा भाजीचा मळा त्याच्या वावराखाली, उताराला. मधे रुंद धुरा होता, दोन शेतांमधला बांध, गवतानं अन् बोरी-बाभळींनी गच्च भरलेला. वरचं पाणी तिथं अडायचं, मुरायचं, अन् आमच्या विहिरीत झिरपायचं. त्या एका विहिरीवर आमचं घर जगत होतं.

काकानं धुऱ्यावरही कापूस पेरायचं ठरवलं. झाडं तोडली, नांगर आणला. माझा बाप नांगरापुढं आडवा झाला.

"दादा, धुरा मोडू नका. तुमची माती वाहून जाईन अन् माही विहीर बुजन."

"मातीले काय पाय फुटले? तुह्या वांग्यांसाठी म्या गवत पोसू का? हट!"

बैल माणसावर पाय देईनात. काकानं पांढऱ्या बैलाला पराणी खुपसली, रक्त निघेस्तोवर. ते बापाला पाहवलं नाही. बाप उठला आणि धुरा गेला.

काकानं नांगराचे तासही उताराच्या दिशेनं, वरून खाली मारले. पावसाळ्यात एक मोठा पाऊस झाला, अन् त्याची काळी माती लोंढ्यानं आली ती थेट आमच्या विहिरीत. विहीर काठोकाठ चिखलानं भरली. काका वरून हसत म्हणाला, "लेका, देवानं तुले फुकट खत देल्लं!"

उन्हाळ्यात त्याचं हसणं जिरलं. वावरात घळी पडल्या होत्या, मुरूम उघडा पडला होता. पाणी मुरलंच नव्हतं, त्यामुळं त्याचीही विहीर आटली. तो बैल घेऊन पाणी मागायला आमच्या दारी आला. आम्ही स्वतः नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावरून पिण्यापुरतं आणत होतो.

"पाणी?" बापानं बुजलेली विहीर दाखवली. "तुमच्याच मातीखाली हाये. खांदून काढा."

तो खरंच उतरला. दुपारपर्यंत टोपल्यांनी आपलीच माती उपसत राहिला. पाणी काही लागलं नाही. बरं झालं, असंच मला वाटलं.

तेवढ्यात पांढरा बैल खाली बसला. बापानं आमची घागर आणून त्याच्या तोंडाला लावली. बैल प्याला. काकानंही ओंजळ पुढं केली. त्याचे ओठ फुटले होते.

बापानं त्याच्या डोळ्यांत पाहिलं, अन् उरलेलं पाणी त्याच्या पायाशी ओतून दिलं. ते उताराला लागलं.

"घ्या दादा," बाप म्हणाला, "अडवा आता."

मला त्या माणसाची दया आली नाही. अजूनही येत नाही.