अर्डिथ म्हातारीची एका दमातली रिव्हर्स

अर्डिथ म्हातारीसारखी खट्याळ बाई अख्ख्या ॲरिझोनात शोधून सापडली नसती. वय शहात्तर, आणि राहायची तीस फुटी घरगाडीत. हिवाळा वाळवंटात काढायचा, उन्हाळा लागला की वर डोंगरात पळायचं, असा तिचा बारा वर्षांचा रिवाज. नवरा गेला त्यालाही नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून स्टिअरिंग तिच्याच हातात होतं.

घरगाड्यांच्या तळावर नवं जोडपं आलं आणि घरगाडी जागेवर मागं घ्यायला लागलं, की सगळे घडीच्या खुर्च्या घेऊन बघायला बसायचे. पहिली खुर्ची अर्डिथची. बायको मागून ओरडतेय, "येऊ दे, येऊ दे, अरे डावीकडे! माझ्या डावीकडे!" नवरा उजवीकडे घालतोय, आणि ही बया कागदी ताटलीवर मार्क लिहून ती उंच धरतेय. दहापैकी दोन! संध्याकाळी त्याच जोडप्याला घरचा केक खाऊ घालून त्यांचा रागही तीच घालवायची.

पण त्या जानेवारीत वेळ तिच्यावर आली. फिनिक्सहून तिची लेक मार्ला येऊन थडकली. गाडीचा मागचा दिवा फुटलेला तिनं आल्या आल्या पाहिला.

"हे काय गं आई?"

"निवडुंग आडवा आला."

"दोनशे वर्षांचा निवडुंग? आडवा आला?"

"मग काय! एवढं वय झालं, पण अक्कल नाही मेल्याला."

मार्ला हसली नाही. "बास झालं. चावी दे. गाडी विकू, आणि तू माझ्याकडे चल. मागची खोली रिकामीच आहे."

मागची खोली! खिडकीतून शेजाऱ्याचं गॅरेज दिसतं तिथून. सकाळी दार उघडलं की लांबवर गुलाबी होत जाणारे डोंगर बघायची सवय झालेल्या बाईला ते मरणच वाटलं. ती फणकारून म्हणाली, "पैज लाव. उद्या गाडी सात नंबरच्या जागेत एका दमात मागं घेते, कुणाच्याही मदतीशिवाय. जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही जमलं तर चावी तुझी."

आता आतली गोष्ट अशी, की म्हातारीचा उजवा डोळा वर्षभर धुक्यात होता. उजवीकडच्या आरशात तिला सगळा राखाडी रंगच दिसे. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

सकाळी मार्ला आंघोळीला गेली तशी ही केळ्याचा केक घेऊन शेजाऱ्यांकडे निघाली. "डावीकडे घ्यायची असली की खोका. उजवीकडे असली की शिंका. आणि एल्डन, तू मागच्या दगडांपाशी बस. गाडी जवळ आली की शीळ घाल." एल्डन ऐंशीचा, जुना ट्रकवाला. त्यानं तोंडभर केक घेऊन मान डोलावली.

दहा वाजता सगळा तळ खुर्च्या मांडून बसला. म्हातारीनं रिव्हर्स टाकला. खोक, खोक, खोक! डावीकडे. आच्छी! थोडी उजवीकडे. गाडी लोण्यासारखी आत सरकू लागली.

"सगळ्यांना एकदमच सर्दी झाली का हो?" मार्लानं डोळे बारीक करून विचारलं.

"वाळवंटातली धूळ फार वाईट," कुणीतरी म्हणालं.

म्हातारी शिळेची वाट बघत मागं येत राहिली. शीळ काही येईना. म्हणजे जागा आहे अजून. आणखी मागं. आणखी.

धप! धप! धप! गाडीच्या पाठीवर कुणीतरी जीव खाऊन थापा मारल्या. म्हातारीनं ब्रेक दाबला आणि खाली उतरून मागं धावली.

मार्ला गाडीला दोन्ही तळवे टेकवून उभी होती, पांढरीफटक. तिच्या पायांशी, बंपरच्या उजव्या कोपऱ्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर, एल्डन खुर्चीत झोपला होता. उन्हानं आणि केकानं त्याचा डोळा लागला होता.

कुणी खोकलं नाही की शिंकलं नाही.

"झालं की. एका दमात घेतलीस," मार्ला हळूच म्हणाली. "जिंकलीस तू, आई."

लेक अजून गाडीला टेकूनच उभी होती, आणि तरी ती हे म्हणत होती. म्हातारीला तिच्या तोंडाकडे बघवेना. तिनं विचारलं, "तो आरशात दिसत होता का?"

"उजव्या आरशात. अख्खा."

म्हातारीनं खिशातून चावी काढली आणि लेकीच्या मुठीत कोंबली. "मला नाही दिसला. वर्ष झालं, त्या डोळ्याला काहीच दिसत नाही. डोळे तपासून घेईन, डॉक्टर हो म्हणेपर्यंत चालवणार नाही. पण घर माझंच राहील हं. विकायचं नाव काढलंस तर याद राख!"

"नाही काढत," मार्ला म्हणाली, आणि ती रडायलाच लागली.

तेवढ्यात एल्डन जागा झाला. बंपर बघून दचकला. म्हातारी त्याच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली आणि त्याचा हात धरून म्हणाली, "एल्डन, मला माफ कर रे. आज तुला मारलंच होतं मी."

"आधी सांगायचंस की बाई," तो जांभई देत म्हणाला, "दाढी तरी केली असती."

सगळा तळ खो खो हसला. अर्डिथ म्हातारी मात्र त्याचा हात सोडेना, आणि तिचं रडू काही केल्या थांबेना.